माउंट हेल्परमधले जुने ऑप्शन काढताना: कुठला जाऊ द्यायचा आणि कुठे अडवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत एक डिझाइन ऑफिस आहे, लिनक्सची वर्कस्टेशनं, ड्रॉइंग्ज सगळी एनएएसवर (नेटवर्कवरचं स्टोरेज), काही शेअर एनएफएसने लागतात म्हणजे माउंट होतात, काही सिफ्सने (नेटवर्कवरून फाइली देण्याच्या दोन पद्धती, सिफ्स म्हणजे विंडोजची एसएमबी), आणि दोन्हीच्या पुढे यांनी स्वतःचा एक छोटा हेल्पर प्रोग्रॅम बसवलाय जो ऑप्शन तपासतो आणि पुढे खऱ्या माउंट डॉट एनएफएस किंवा माउंट डॉट सिफ्सला देतो. त्यात वर्षानुवर्षं साचलेले ऑप्शन आहेत जे आता कर्नल (लिनक्सचा गाभा) विचारातच घेत नाही. टीममधल्या नव्या मुलाने पॅच (कोडमधला बदल) दिलाय, जुनं सगळं उडवलंय, कोड बराच कमी झालाय. आता हे सरळ मर्ज करायचं का वॉर्निंग ठेवायची, आणि ठेवली तर किती दिवस?

सरळ मर्ज करू नका. पॅच चांगला आहे, मुलाचं कौतुक करा, पण त्याने सगळे ऑप्शन एकाच मापाने मोजलेत आणि तिथेच गडबड आहे. मी हे काम बरीच वर्षं करतोय, स्टोरेजच्या कंपन्यांमध्ये आणि नंतर स्वतंत्रपणे, आणि माझा एकच नियम आहे, ऑप्शन काढला की ज्याच्या एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्याची फाइल) तो लिहिलाय तो माणूस कुठल्या बाजूला पडतो ते आधी बघायचं. सुरक्षित बाजूला पडत असेल तर वॉर्निंग देऊन जाऊ द्या. धोक्याच्या बाजूला पडत असेल तर माउंट होऊच देऊ नका. आणि कुठेच पडत नसेल, म्हणजे ऑप्शन असून नसल्यासारखाच होता, तर त्याला ते स्पष्ट सांगा कारण तो कदाचित त्याच्यावर भरवसा ठेवून बसलाय.

आधी ऑप्शन जातो कुठून कुठे ते नीट डोक्यात बसवा. तुम्ही माउंट टाइप करता, तो यूटिल-लिनक्सचा माउंट, तो फाइलसिस्टीमचा टाइप बघतो आणि एसबिन डिरेक्टरीत त्या नावाचा हेल्पर असेल तर त्याला बोलावतो. हेल्पर काही ऑप्शन स्वतः खातो, उदाहरणार्थ एनएफएसचे बीजी (माउंटचा प्रयत्न मागे चालू ठेव) आणि रीट्राय हे कर्नल विचारात घेत नाही, परत परत प्रयत्न करायचं काम हेल्परच करतो (फोरग्राउंडला डीफॉल्ट २ मिनिटं, बॅकग्राउंडला १०,००० मिनिटं म्हणजे जवळपास आठवडा). होस्टचं नाव सोडवून आयपी पत्ता जोडायचं कामही त्याचंच. बाकी सगळं स्ट्रिंग म्हणून कर्नलकडे जातं आणि शेवटचा शब्द कर्नलचा. तुमचा घरचा हेल्पर या साखळीत आणखी एक कडी आहे, म्हणजे एखादा ऑप्शन तीन ठिकाणी मरू शकतो आणि तिन्ही ठिकाणचा आवाज वेगळा. एनएफएसचा हेल्पर म्हणतो इनकरेक्ट माउंट ऑप्शन, कुठला ते सांगत नाही. सिफ्सचा म्हणतो एरर २२, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, मॅन्युअल आणि डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा. खरं कारण बहुतेक वेळा डीमेसेजमध्येच असतं, पण तिथपर्यंत जातो कोण.

आता आयएनटीआर घ्या, कारण तुमच्याकडे तो असणारच, हार्ड (सर्व्हर परत येईपर्यंत थांबून राहा) कॉमा आयएनटीआर ही जोडी लोक पिढ्यानपिढ्या कॉपी करत आलेत. त्याचा अर्थ असा होता की सर्व्हर गेला आणि प्रोसेस अडकली तर कंट्रोल-सी मारून सुटता यावं. कर्नल २.६.२५ नंतर, म्हणजे २००८ पासून, हा ऑप्शन फक्त मागच्यांची सोय म्हणून स्वीकारला जातो आणि सोडून दिला जातो. त्यानंतर अडकलेल्या एनएफएसच्या कामाला फक्त सिगकिल सोडवू शकतो, म्हणजे किल वजा नऊ, आणि ते आयएनटीआर लिहा की नका लिहू, होतंच. नव्या कर्नलमध्ये डीमेसेजला डेप्रिकेटेड पॅरामीटर अशी एक ओळ येते, बस. इतकी वर्षं हा शब्द एफएसटॅबमध्ये बसलाय आणि काहीही करत नाही.

नुकसान काय? मी हडपसरच्या एका ऑफिसात बघितलंय. रात्री एनएएस रीस्टार्ट झाला, सकाळी सगळ्या जॉब डी स्टेटमध्ये म्हणजे वाट बघत अडकलेल्या, आणि अ‍ॅडमिन ठामपणे सांगतोय की आमच्याकडे आयएनटीआर आहे, कंट्रोल-सी चालायलाच पाहिजे, म्हणजे नक्की नेटवर्क कार्डाचा प्रॉब्लेम. अर्धा दिवस केबल आणि स्विच तपासण्यात गेला. ऑप्शन निरुपयोगी असणं हा त्रास नव्हता, तो आहे असं वाटणं हा त्रास होता. आणि पुढे आणखी वाईट, आयएनटीआर चालत नाही कळल्यावर कोणीतरी सुचवलं की मग सॉफ्ट करा. अजिबात नको! सॉफ्टमध्ये टाइमआउट झाला की अ‍ॅप्लिकेशनला एरर जाते, आणि बरीच अ‍ॅप्लिकेशनं राइटची एरर तपासतच नाहीत, फाइल अर्धी लिहिली जाते आणि कोणाला पत्ता नसतो. कॅडची असेंब्ली फाइल अर्धी लिहिली गेली तर काय होतं ते भोसरीत मी सांगायला नको. म्हणून तुमच्या हेल्परने आयएनटीआर दिसल्यावर नुसतं जुना ऑप्शन असं न म्हणता पूर्ण वाक्य छापावं, की याचा काही परिणाम होत नाही, ओळीतून काढून टाका, अडकलेली प्रोसेस किल वजा नऊने मरते, याच्या जागी सॉफ्ट लिहू नका. वॉर्निंगमध्ये पुढे काय करायचं ते नसेल तर वाचणारा स्वतःच्या मनाने काहीतरी करतो आणि ते बहुतेक चुकतं.

यूडीपीची, म्हणजे पोचल्याची खात्री न करता पाकिटं पाठवायच्या पद्धतीची, गोष्ट वेगळी. प्रोटो=यूडीपी किंवा नुसतं यूडीपी लिहिलेल्या ओळी तुमच्या जुन्या मशीनवर नक्की सापडतील. एकेकाळी त्याला अर्थ होता, आता तो धोका आहे आणि का ते समजून घ्या. एनएफएसचा ३२ केबीचा एक डेटाग्राम म्हणजे पाकीट १५०० बाइटच्या इथरनेटवर तुकडे होऊन जातो, त्या तुकड्यांना जोडणारा आयपीचा आयडी फक्त १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ नंबर. ६५,५३६ गुणिले ३२ केबी म्हणजे २ जीबी, आणि गिगाबिटवर २ जीबी जायला वीस सेकंदही लागत नाहीत. लिनक्स अर्धवट आलेले तुकडे ३० सेकंद राखून ठेवतो. म्हणजे एक तुकडा हरवला, नंबर फिरून परत तोच आला आणि नव्या डेटाग्रामचा तुकडा जुन्याला चिकटला असं होऊ शकतं. चेकसमही १६ बिटांचाच, तो कधीतरी चुकून जुळतो आणि चुकीचा डेटा बरोबर म्हणून आत येतो. कुठेही एरर नाही. म्हणूनच कर्नल ५.६ पासून, २०२० मध्ये, यूडीपीवरचं एनएफएस डीफॉल्टला बंद झालं. इथे तुमचा हेल्पर यूडीपी काढून टीसीपीने गेला तर माणूस सुरक्षित बाजूला पडतो, तेव्हा ठळक वॉर्निंग देऊन जाऊ द्या, फक्त फायरवॉलमध्ये २०४९ टीसीपीला उघडं आहे ना ते बघा. आणि जाताना त्याच ओळीतला आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ (एका वेळी किती बाइट वाचायचे आणि लिहायचे) बघा. जिथे यूडीपी असतं तिथे हमखास ८१९२ लिहिलेलं असतं, ती एनएफएस व्हर्जन २ ची मर्यादा होती, कर्नल आजही तो आकडा इमानेइतबारे पाळतो आणि माउंट विनाकारण हळू चालतो. आज क्लायंट आणि सर्व्हर आपसात ठरवतात, कमाल १०,४८,५७६ बाइटपर्यंत. ऑप्शन जुना नाही पण किंमत जुनी आहे, तीही काढा.

सिफ्सच्या बाजूला दिशा बघायचा नियम जास्त कामाला येतो. सेक=एनटीएलएम बघा, सेक म्हणजे ओळख पटवायची पद्धत. कर्नल ५.१५ मध्ये, २०२१ साली, एनटीएलएमची पहिली आवृत्ती आणि त्याहून कमजोर लॅनमन दोन्ही काढून टाकल्या, आता ते लिहिलं तर डीमेसेजमध्ये बॅड सिक्युरिटी ऑप्शन येतं आणि माउंट होत नाही. डीफॉल्ट तर ३.८ पासूनच एनटीएलएमएसएसपी आहे. म्हणजे हेल्परने सेक=एनटीएलएम गाळला तर माणूस कमजोर ठिकाणावरून मजबूत ठिकाणी जातो, चालेल. पण हीच सवय सेक=केआरबी५आय (केर्बेरॉसची ओळख आणि सही), साइन (पाकिटांवर सही) किंवा सील याला लागू झाली तर? सील म्हणजे एसएमबी ३ चं एन्क्रिप्शन. ज्याने ते लिहिलंय त्याला वायरवर डेटा उघडा जायला नकोय. तुमच्या पार्सरला (ऑप्शन वाचणारा कोड) हा शब्द ओळखता आला नाही आणि त्याने अनोळखी म्हणून गाळला तर माउंट छान होतो, सगळे खूश, आणि डेटा उघडा फिरतो. म्हणून अनोळखी ऑप्शन गाळणं हा डीफॉल्ट कधीही ठेवू नका. एनएफएसच्या हेल्परला डॅश एस देता येतं, स्लॉपी, म्हणजे अनोळखी असेल तर दुर्लक्ष कर, आणि ऑटोएफएस (गरज लागली की आपोआप माउंट करणारा प्रोग्रॅम) बऱ्याच ठिकाणी हेच लावून माउंट बोलावतो. ऑटोएफएसचे मॅप वापरत असाल तर तिथल्या ऑप्शनची चूक तुम्हाला कधी दिसणारच नाही, ते हाताने वाचा.

नाव बदललेले ऑप्शन हा तिसरा गट, आणि इथे तुमच्या मुलाने सगळ्यात जास्त घाई केलीय. एफमास्क आणि डीमास्क हे सिफ्सचे जुने ऑप्शन, आता फाइल_मोड आणि डीआयआर_मोड. माउंट डॉट सिफ्स एफमास्क दिसला की डेप्रिकेटेड म्हणून सांगतो आणि तीच किंमत फाइल_मोड म्हणून पुढे देतो. लक्षात घ्या, तीच किंमत. व्हीफॅटमध्ये (पेनड्राइव्हची फाइलसिस्टीम) एफमास्क म्हणजे काढून टाकायचे बिट, इथे तो सरळ परवानगीचा आकडा. पेनड्राइव्हच्या सवयीने कोणी सिफ्सला एफमास्क=०१३३ लिहिलं असेल तर त्याच्या फाइलींना ०१३३ परवानगी मिळतेय आणि तो गेली काही वर्षं रूटने काम भागवतोय. तुम्ही भाषांतराचा कोड काढून टाकला तर त्याला नुसती एरर मिळेल, आणि तो गूगल करून नाव बदलेल, किंमत तीच ठेवेल. त्यापेक्षा एररमध्येच लिहा की नवीन ऑप्शनला अख्खा मोड द्यायचा असतो, उदाहरणार्थ ०६४४.

फोर्सडायरेक्टआयओ, डायरेक्टआयओ आणि स्ट्रिक्टकॅश यांचंही तसंच, ते कॅश=नन आणि कॅश=स्ट्रिक्ट झाले. ३.७ च्या आधी डीफॉल्ट लूज होतं, त्यानंतर स्ट्रिक्ट. म्हणजे आज स्ट्रिक्टकॅश गाळला तरी काही बिघडत नाही, पण डायरेक्टआयओ गाळला तर माणूस नन वरून स्ट्रिक्टवर येतो, त्याने कॅश नको म्हणून मुद्दाम लिहिलं होतं आणि आता कॅश आलं. म्हणून याला गाळायचं नाही, नव्या नावात बदलून द्यायचं, आणि बदलल्याचं सांगायचं. एकाच वर्षी जुने झालेले दोन शब्द, तरी वागणूक वेगळी द्यावी लागते, म्हणून म्हणतोय की एकेक ऑप्शन हातात घेऊन बघा.

भोसरी आहे म्हणून व्हर्स=१.० बद्दल, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीबद्दल, खास सांगतो. शॉपफ्लोअरवर सीएनसीला जोडलेला एखादा विंडोज एक्सपीचा पीसी असतोच, मशीनच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं म्हणून कोणी हात लावत नाही, आणि एक्सपीला एसएमबी १ सोडून काही येत नाही. कर्नल ४.१३ पासून, २०१७ मध्ये, सिफ्सचं डीफॉल्ट एसएमबी १ वरून पुढे गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय (एसएमबी १ मधल्या भोकातून पसरलेला रॅन्समवेअर) येऊन गेलं होतं, कारण सांगायला नको. आता तुमच्या हेल्परने व्हर्स=१.० गाळला तर एक्सपीशी बोलणं होणार नाही आणि एरर काय येईल, ११२, होस्ट इज डाउन. पीसी समोर चालू आहे, पिंग जातोय, आणि लिनक्स म्हणतोय होस्ट डाउन. माणूस नेटवर्कवाल्याला फोन लावतो. इथे हेल्परने स्वतः थांबून स्पष्ट सांगावं की एसएमबी १ आपण बंद केलंय, हे मशीन जुनं असेल तर अमुक माणसाशी बोला. आणि त्या पीसीसाठी वेगळा व्हीलॅन (वेगळं काढलेलं नेटवर्क) आणि मध्ये एक फाइल देवाणघेवाणीचं मशीन ठेवा, सगळ्या वर्कस्टेशनला एसएमबी १ बोलायला लावू नका.

किती दिवस वॉर्निंग ठेवायची, याचं उत्तर महिन्यांत देता येत नाही कारण एफएसटॅब रोज वाचला जात नाही. तो वाचला जातो मशीन बूट होताना किंवा कोणी हाताने माउंट करतं तेव्हा. तुम्ही जूनमध्ये हेल्पर अपडेट केला, मशीन ऑक्टोबरपर्यंत चालूच राहिली, मग एका गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट गेली, यूपीएस संपला, लाइट आली आणि सगळी मशीन एकदम बूट झाली, त्या दिवशी तुमचा जूनमधला बदल पहिल्यांदा चालतो. सगळीकडे एकाच वेळी. म्हणून मुदत रीबूटने मोजा, वॉर्निंगवालं व्हर्जन आल्यानंतर प्रत्येक मशीन निदान एकदा तरी बूट झालंय आणि त्या बूटचा लॉग तुम्ही वाचलाय, तेव्हाच पुढची पायरी. लाइटची वाट बघू नका, शनिवारी चार चार मशीन हाताने रीबूट करा. आणि वॉर्निंग नुसती एसटीडीएररवर (स्क्रीनवर) टाकू नका, बूटच्या वेळी समोर कोणी नसतं, ती जर्नलमध्ये (सिस्टीमचा लॉग) एका ठरावीक शब्दाने जाऊ दे म्हणजे सगळ्या मशीनवर एक ग्रेप मारला, म्हणजे तो शब्द शोधला, की यादी मिळते.

माउंट फेल करायला लोक घाबरतात कारण त्यांना वाटतं मशीन बूटच होणार नाही. लोकल डिस्कचा माउंट फेल झाला तर सिस्टीमडी (बूट आणि सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) इमर्जन्सी मोडला जातो हे खरं, पण एनएफएस आणि सिफ्स हे रिमोट-एफएस टार्गेटखाली जातात, ते फेल झाले तरी मशीन वर येतं. खरी भीती वेगळी आहे. माउंट झाला नाही तरी माउंटपॉइंटची रिकामी डिरेक्टरी तिथे असतेच, बॅकअपची स्क्रिप्ट किंवा रेंडर जॉब खुशाल त्यात लिहायला लागतो, रूट डिस्क भरते, आणि नंतर माउंट लागला की लिहिलेलं सगळं त्याच्या खाली झाकलं जातं. लोक फाइली हरवल्या म्हणून शोधत बसतात. दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा. ज्या सर्व्हिसला तो शेअर लागतो तिच्या सिस्टीमडी युनिट फाइलमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर लिहा, म्हणजे माउंट नसेल तर ती सुरूच होत नाही. आणि माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला सीएचएटीटीआर अधिक आय मारून ठेवा, मग रूटलाही तिथे लिहिता येत नाही आणि जॉब जागच्या जागी एरर देऊन थांबतो. हे झाल्याशिवाय कडक नकार देणारं व्हर्जन सोडू नका.

जुने ऑप्शन शोधताना फक्त एफएसटॅब बघून थांबू नका. ऑटोएफएसचे मॅप, ते एलडॅपमध्ये (मध्यवर्ती डिरेक्टरी सर्व्हर) असतील तर तिथे, एनएफएसमाउंट डॉट कॉन्फ, पॅम-माउंटची (लॉगिन करताना माउंट करणारा) फाइल, कंटेनर वापरत असाल तर व्हॉल्यूमच्या व्याख्या, आणि कोणीतरी क्रॉनमध्ये लपवलेली माउंटची ओळ. मग मागितलं काय आणि मिळालं काय याची तुलना करा. एफएसटॅबमध्ये आहे ते मागितलेलं, प्रॉकच्या माउंट्समध्ये किंवा एनएफएसस्टॅट डॅश एममध्ये आहे ते मिळालेलं. आयएनटीआर तिथे दिसणार नाही, आणि लोकांना पटवायला याच्याइतकी चांगली गोष्ट नाही, त्यांच्याच मशीनवर दाखवा. अप्रत्यक्ष फायदा असा की एफएसटाइप एनएफएस४ लिहिलेल्या ओळीही हाताला लागतात, तो प्रकारही डेप्रिकेटेड आहे, एनएफएस लिहून व्हर्स=४.२ द्यावं.

पॅचबद्दल एक तांत्रिक गोष्ट राहिली. तुमचा पार्सर शब्द पूर्ण जुळवतो का पहिली काही अक्षरं, ते उघडून बघा. घरी लिहिलेल्या हेल्परमध्ये पुष्कळदा सुरुवातीची तीन-चार अक्षरं जुळली की झालं अशी तुलना असते. त्यात वरचा एक केस काढला की तो शब्द खालच्या दुसऱ्याच केसमध्ये जाऊन पडतो, एरर न येता भलताच अर्थ लागतो. आधी सगळ्या तुलना पूर्ण शब्दाच्या करा, तो बदल वेगळा पॅच म्हणून जाऊ दे, मगच काढाकाढी. आणि एक टेबल ठेवा, जुना शब्द, काय करायचं, गाळायचं का बदलायचं का नाकारायचं, आणि काय छापायचं. टेस्ट त्या टेबलावरून चालवा, जुन्या कर्नलवरही, तुमच्याकडे सेंटओएस ७ ची मशीन अजून असतील तर त्यांचा कर्नल ३.१० आहे, २०२४ च्या जूनअखेर त्याचा सपोर्ट संपला पण मशीन काही बंद झाली नसतील.

मॅन पेजमधून मात्र काढलेल्या ऑप्शनच्या ओळी पुसू नका. शेवटी एक भाग ठेवा, कुठला ऑप्शन कुठल्या व्हर्जनला गेला, का गेला, त्याच्या जागी काय. तीन वर्षांनी कोणीतरी जुन्या बॅकअपमधून एफएसटॅब परत आणेल आणि त्याला शोधायला तेवढीच जागा असेल. मुलाने काढलेल्या ओळींपैकी निम्म्या अशाच त्या टेबलात जातील, कोड तरीही आत्तापेक्षा लहानच राहील.